इवलासा नेदरलँड्स आपली एवढी द्राक्षे खातो तरी कशी?

प्रश्न : भारतातून युरोपात जाणारी सर्वांत जास्त द्राक्षे नेदरलँड्सला जातात, असे दर हंगामात वर्तमानपत्रांत वाचतो. नकाशात हा देश शोधायलाही भिंग लागते. तिथली माणसे खरोखर एवढी द्राक्षे खातात का? की त्यांची वाइन करतात? आणि आमच्याकडचे बागायतदार ‘यंदा रॉटरडॅमचा बाजार पडला’ म्हणून कपाळाला हात लावतात, तेव्हा सातासमुद्रापलीकडच्या एका गावाच्या बाजारावर आमच्या बागेतला दर का ठरावा?

उत्तर : आकडा वाचून तुम्ही थबकलात, हे चांगले केलेत. नाशिक, अहिल्यानगर आणि सांगली हे तीन जिल्हे एकत्र केले, तर जेवढी जमीन होईल, साधारण तेवढाच नेदरलँड्स हा देश आहे. लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख. समजा, एक लाख टन द्राक्षे या देशात घरोघरी वाटली, तर तान्ह्या मुलांसकट माणशी साडेपाच किलो वाट्याला येतील, आणि तीही दोन-तीन महिन्यांत संपवावी लागतील. एवढी द्राक्षे कोणीच खात नाही.

दुसरीकडे, व्यापाराचे आकडेही खोटे नाहीत. भारताने २०२३-२४ या वर्षात सगळ्या जगाला मिळून सुमारे ३ लाख ४४ हजार टन ताजी द्राक्षे पाठवली. त्यांची किंमत ३,४६० कोटी रुपयांच्या घरात होती. किमतीच्या हिशेबाने लावलेल्या यादीत पहिले नाव नेदरलँड्सचे येते. मग गाठ कुठे आहे? गाठ आहे ती ‘जातात’ आणि ‘खाल्ली जातात’ या दोन गोष्टी आपण एकच धरतो त्यात.

देवगडचा हापूस वाशीच्या बाजारात येतो. बागायतदाराच्या पट्टीवर ‘वाशी’ असेच लिहिलेले असते. पण त्या सगळ्या पेट्या वाशीकर खात नाहीत. तिथून त्या ठाण्याला, पुण्याला, सुरतेला आणि विमानाने आखातातही जातात. युरोपातल्या द्राक्षांच्या बाबतीत नेदरलँड्सचे रॉटरडॅम बंदर ही वाशी आहे. आपला निर्यातदार कागदावर माल उतरण्याचा देश लिहितो, म्हणून आपल्या तक्त्यात नेदरलँड्स दिसतो. पुढे त्याच पेट्या जर्मनीला, पोलंडला, स्कँडिनेव्हियात किंवा बाल्टिक देशांत गेल्या, तर त्याची नोंद आपल्याकडे होत नाही. ती होते डच तक्त्यात, त्यांची पुनर्निर्यात म्हणून. व्यापाराच्या आकड्यांचा अभ्यास करणारे या प्रकाराला ‘रॉटरडॅम परिणाम’ असेच म्हणतात. त्यामुळे नेदरलँड्सचा आकडा फुगलेला दिसतो आणि जर्मनीचा खऱ्याहून लहान.

हा परिणाम किती मोठा असू शकतो, याचा अंदाज एका आकड्यावरून येईल. २०२३ साली नेदरलँड्सची शेतमालाची निर्यात सुमारे १२४ अब्ज युरोंची होती. एवढ्याशा देशाने जगातल्या मोठ्या शेतमाल निर्यातदारांत बसावे, याचे जगाला कौतुक वाटते आणि त्यांच्या हरितगृहांकडे पाहिले तर ते रास्तही आहे. पण या निर्यातीतला एक तृतीयांशाहून जास्त माल मुळात दुसऱ्या देशांतून आलेला आणि पुढे पाठवलेला असतो. आपली द्राक्षे त्याच वाटेने जातात.

आता प्रश्न असा, की हा मान रॉटरडॅमलाच का? जर्मनीला हॅम्बुर्ग आहे, बेल्जियमला अँटवर्प आहे. पहिले कारण भूगोलाचे. ऱ्हाइन आणि मास या नद्या जिथे समुद्राला मिळतात, तिथे हे बंदर आहे. जर्मनीचा दाट वस्तीचा औद्योगिक पट्टा ट्रकने काही तासांवर. समुद्र हटवून भराव घातलेल्या जमिनीवर इथे मोठमोठी जहाजे थेट धक्क्याला लागतात, आणि हे युरोपातले सर्वांत मोठे बंदर आहे. दुसरे कारण सवयीचे आणि साठवणीचे. बंदराच्या पाठीमागे बारेंड्रेख्त आणि रिडरकेर्क या गावांत फळे आयात करणाऱ्यांच्या पेढ्या, शीतगृहे आणि पुन्हा पॅकिंग करण्याचे कारखाने एकमेकांना लागून उभे आहेत. जर्मन सीमेजवळच्या व्हेनलोतही तसेच. पेरूची, चिलीची, दक्षिण आफ्रिकेची फळेही तिथेच येतात. जिथे सगळा माल येतो तिथे सगळे गिऱ्हाईक येते, आणि जिथे गिऱ्हाईक येते तिथेच पुढचा माल येतो.

तिसरे कारण कायद्याचे. युरोपीय संघातल्या देशांची जकात एक आहे. रॉटरडॅमला एकदा शुल्क भरले, तपासणी झाली आणि माल मोकळा झाला, की तो पुढे कोणत्याही सदस्य देशात नेता येतो. दर सीमेवर नवे कागद करावे लागत नाहीत. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यापासून मात्र तिथला हिशेब वेगळा झाला. पूर्वी रॉटरडॅमहून समुद्र ओलांडून ब्रिटनला माल नेणे सहज जमत असे. आता दोन वेगळ्या जकाती आड येतात, त्यामुळे ब्रिटनचा माल थेट ब्रिटिश बंदरावर नेलेला बरा पडतो.

वाइनबद्दलची शंका लगेच निकालात काढू. आपण युरोपात पाठवतो ती प्रामुख्याने थॉमसन आणि तिच्यासारखी बिनबियांची, खाण्याची द्राक्षे. वाइनच्या जाती वेगळ्या असतात. त्यांचे मणी लहान, साल जाड आणि बहुतेकांत बिया असतात. शिवाय शून्य अंशाच्या कंटेनरमधून, प्लास्टिकच्या डब्यांत मांडून नेलेले महागडे फळ चिरडून वाइन करणे कोणत्याही डच व्यापाऱ्याला परवडणार नाही.

मग युरोपला आपली द्राक्षे लागतातच कशाला? स्पेन, इटली आणि ग्रीस ही तर द्राक्षांची घरे. त्यांचा हंगाम उन्हाळ्यात सुरू होतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत संपतो. थंडीत तिथल्या वेली पाने गाळून झोपतात. आपल्या वेली मात्र झोपत नाहीत, आणि याचाच फायदा आपल्या बागायतदारांनी करून घेतला. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी अशा दोन छाटण्या करून वर्षातून एकच पीक घ्यायचे, आणि ते जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढायचे, ही पद्धत त्यांनी बसवली. युरोपातले फडताळ रिकामे आणि आपली बाग भरलेली, अशी ती वेळ साधते.

पण त्या वेळेत आपण एकटे नसतो. दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा असतो. पेरूची द्राक्षे ऑक्टोबरपासूनच यायला लागतात, दक्षिण आफ्रिकेची नोव्हेंबरपासून, चिलीची त्यामागोमाग. मे उजाडला की इजिप्त उतरतो, आणि तो युरोपच्या दाराशीच आहे. या सगळ्यांच्या मधली जी फट उरते, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, तीत आपला माल खपतो. पेरूने पिकाची वाढ केली, दक्षिण आफ्रिकेने उशिरा येणाऱ्या जाती लावल्या, की ही फट दोन्ही बाजूंनी अरुंद होते. गेल्या काही वर्षांतला बाजाराचा कल पाहायचा असेल, तर आपल्या निर्यातीच्या आकड्यापेक्षा या फटीच्या रुंदीकडे पाहावे. माझ्या मते खरी गोष्ट तीच सांगते.

आता तुमच्या प्रश्नाचा जिव्हारी लागणारा भाग, दराचा. पुष्कळांची अशी समजूत असते, की रॉटरडॅमला आपल्या बाजार समितीसारखा लिलाव होतो आणि तिथे द्राक्षांचा भाव फुटतो. नेदरलँड्समधल्याच आल्समेरचा फुलांचा लिलाव जगप्रसिद्ध असल्यामुळे ही समजूत झाली असावी. द्राक्षे तशी विकली जात नाहीत. युरोपातली बहुतेक द्राक्षे मोठ्या साखळी दुकानांतून खपतात. ही दुकाने आयातदारांशी आधी बोलणी करतात, की अमुक आठवड्यांत, अमुक आकाराच्या मण्यांचे, अर्धा किलोचे इतके डबे, इतक्या भावाने. ज्यांचा माल अशा आधी ठरलेल्या भावात बसतो, ते बरेचसे निर्धास्त असतात. उरलेला माल ‘जाऊ दे, विकला जाईल त्या भावाने’ या बोलीवर निघतो. बंदरात तो मोकळा पोहोचतो आणि त्या आठवड्यात जो भाव असेल तो घेतो. ‘रॉटरडॅमचा बाजार पडला’ म्हणतात ते मुख्यतः या मालाबद्दल.

भाव पडला की बागायतदाराला इतका का लागतो, हे एका लहानशा हिशेबाने दाखवतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, किलोला रॉटरडॅममध्ये २०० रुपये मिळाले. आयातदाराचे कमिशन, जकात, शीतगृह, जहाजाचे भाडे, डबे, खोकी, पॅकहाउस, मजुरी हा सगळा वाटेतला खर्च १२० रुपये धरू. बागेत पोहोचतात ८० रुपये. पुढच्या आठवड्यात बाजार दहा टक्क्यांनी उतरून १८० वर आला. जहाजवाला भाडे कमी करत नाही, खोक्याची किंमत उतरत नाही, वाटेतला खर्च जवळपास तोच राहतो. बागेत आले ६० रुपये. तिकडची दहा टक्क्यांची घसरण इकडे पंचवीस टक्क्यांची झाली. साखळीत जो सर्वांत शेवटी उभा असतो, त्याच्याच वाट्याला उरलेले येते. म्हणून धक्काही त्यालाच सर्वांत मोठा बसतो.

‘पण देशात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी निर्यात होतात किती?’ असे तुम्ही विचाराल. बरोबर आहे. देशात वर्षाला तीस लाख टनांहून अधिक द्राक्षे पिकतात आणि त्यांतला साधारण दहावा हिस्सा बाहेर जातो. तरीही हा दहावा हिस्सा बाकीच्यांना ओढून नेतो. युरोपचा भाव बसेनासा झाला, की निर्यातदार खरेदी थांबवतो. झाडावर तयार झालेला घड थांबत नाही. तो माल मग इथल्याच बाजारात उतरतो, आणि ज्याने आयुष्यात कधी कंटेनर भरला नाही त्याच्याही मालाचा भाव पाडतो. तुमच्या भागात निर्यातीची बाग एकही नसली, तरी रॉटरडॅमची झळ तुम्हाला लागते ती या वाटेने.

त्यात हे फळ साठवून ठेवायचे नाही. कांदा चाळीत राहतो, हळद पेवात राहते. द्राक्षाचा घड कापला की घड्याळ सुरू होते. पहाटेच्या गारव्यात तोडणी करायची, हात लागून मण्यांवरची पांढुरकी नैसर्गिक पावडर पुसली जाऊ नये म्हणून घड दांड्याला धरायचा. काही तासांत प्रीकूलिंगच्या खोलीत नेऊन फळातली उष्णता काढायची. खोक्यात सल्फर डायऑक्साइड हळूहळू सोडणारा कागद ठेवायचा, म्हणजे बुरशी येत नाही. मग शून्य-एक अंशाच्या कंटेनरमधून न्हावा शेव्याला. वाटेत कुठे वीज गेली किंवा कंटेनर तासभर उघडा राहिला, तर त्याचा पत्ता तीन-चार आठवड्यांनी लागतो, तोही दुसऱ्या खंडात. दांडे तपकिरी पडलेले असतात आणि ग्राहक फळ हातातही घेत नाही. युरोपातला खरेदीदार आधी मण्याकडे पाहत नाही, देठाकडे पाहतो. देठ हिरवा म्हणजे फळ ताजे, असा त्याचा ठोकताळा.

सुएझ कालव्यातून गेले तर न्हावा शेवा ते रॉटरडॅम हा प्रवास तीन-साडेतीन आठवड्यांचा. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. प्रवास जवळजवळ दोन आठवड्यांनी लांबला आणि भाडे वाढले. इथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. दक्षिण आफ्रिका, चिली आणि पेरू यांची जहाजे मुळात सुएझमधून जातच नाहीत. त्यांचे अंतर होते तेवढेच राहिले. म्हणजे आपला माल जुना होऊन पोहोचत होता आणि शेजारच्या फडताळावरचा त्यांचा माल पूर्वीइतकाच ताजा होता. केवळ भाडे वाढल्याची तक्रार करून या नुकसानीचे मोजमाप होत नाही.

भाडे आणि वेळ यांच्या जोडीला जकात आहे. चिली, पेरू आणि दक्षिण आफ्रिका यांचे युरोपीय संघाशी व्यापार करार झालेले आहेत आणि त्यांना द्राक्षांच्या जकातीत मोठी सवलत मिळते. आपल्या द्राक्षांवर शुल्क पडत आले आहे. भारत आणि युरोपीय संघ यांच्यातली कराराची बोलणी २००७ साली सुरू झाली, २०१३ साली अडली आणि २०२२ साली पुन्हा सुरू झाली. बागायतदाराला यातले काय मिळणार, ते बोलणी झाल्याने नव्हे, तर करार अमलात आल्यावर जकातीच्या पावतीवरच कळेल.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. रॉटरडॅम हे दार आहे, म्हणून झडतीही तिथेच होते. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अवशेष सापडले. युरोपात अशा वेळी एका देशाने दिलेला इशारा सगळ्या सदस्य देशांना तात्काळ जातो. एका दारावर अडलात, की सगळी घरे बंद. त्या धक्क्यातून आपल्याकडे अवशेषांच्या तपासणीचा कार्यक्रम उभा राहिला. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे या कामाची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा झाली. २००६ साली अपेडा या शेतमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेने ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. निर्यातीची प्रत्येक बाग कृषी खात्याकडे नोंदवायची, तिला क्रमांक द्यायचा, तोडणीआधी प्रयोगशाळेच्या माणसाने बागेत येऊन नमुना घ्यायचा, आणि अहवाल चांगला आला तरच पुढचे कागद निघायचे. रॉटरडॅमच्या गोदामातल्या खोक्यावरून ते कोणत्या गावच्या कोणत्या बागेतले, हे शोधता येऊ लागले. फळपिकाची एवढी बारकाईची नोंद देशात त्याआधी झाली नव्हती.

आणि तरीही २०१० साल आले. वेलीची वाढ आवरावी आणि घड चांगले निघावेत म्हणून खरड छाटणीनंतर क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक वापरायची पद्धत होती. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. युरोपात तेव्हा द्राक्षांतल्या त्याच्या अवशेषाची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. युरोपला जाणाऱ्या एका कंटेनरमध्ये बारा-तेरा टन माल बसतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही मर्यादा किती बारीक होती ते कळेल. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते. ज्या गोष्टीची तपासणी झाली नाही ती अहवालात कशी येणार? अहवाल स्वच्छ, पण युरोपातल्या प्रयोगशाळांनी ते शोधले आणि सापडले. कंटेनर अडकले, माल परत घ्यावा लागला किंवा नष्ट करावा लागला, निर्यातदारांचे पैसे बुडाले आणि बागायतदारांची देणी थकली.

या प्रकरणाबद्दल एक गैरसमज आजही ऐकू येतो, की युरोपने आपला माल मुद्दाम पाडला. मला तसे वाटत नाही. नियम त्यांच्याकडे लिहिलेला होता आणि तो आपल्या यादीत उतरला नाही, एवढी ही साधी आणि महागात पडलेली चूक होती. दोष बागायतदाराचा तर मुळीच नव्हता. त्याला जे फवारायला सांगितले ते त्याने फवारले, जी तपासणी सांगितली ती करून घेतली. नुकसान मात्र मुख्यतः त्याने सोसले. त्यानंतर सीसीसी तपासणीच्या यादीत आले, यादी वाढत गेली आणि आपली द्राक्षे पुन्हा त्याच दारातून आत गेली. याचे श्रेय नाशिक-सांगलीच्या बागायतदारांच्या शिस्तीला द्यायला हवे.

आज तर कायद्याची मर्यादा पाळूनही भागत नाही. जर्मनीतल्या काही मोठ्या साखळी दुकानांची अट अशी असते, की अवशेष कायदेशीर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत हवा, आणि एका फळात चार-पाचांहून अधिक रसायनांचे अंश दिसता कामा नयेत. मग बागायतदाराला फवारणीचे वेळापत्रक हंगामाच्या सुरुवातीलाच उलटे मांडावे लागते. तोडणीच्या तारखेपासून मागे मोजत, कोणते औषध कोणत्या दिवसापर्यंत चालेल, ते ठरवायचे. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला आणि भुरी-डाऊनी या रोगांनी डोके वर काढले, तर हातात औषध असूनही मारता येत नाही, असा प्रसंग येतो.

बाजाराचा आणखी एक कल म्हणजे जात. आपली निर्यात वर्षानुवर्षे थॉमसनच्या कुळावर चालली. आपल्या शेतकऱ्यांनीच या कुळातून निवड करून नवे वाण काढले. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश दिले, सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका दिले. प्रयोगशाळेत नव्हे, बागेत फिरून केलेले हे संशोधन आहे. पण युरोपचा ग्राहक आता मोठ्या, कुरकुरीत मण्याकडे वळला आहे. तशा जाती खासगी कंपन्यांच्या मालकीच्या असतात. त्या लावायला परवाना लागतो आणि स्वामित्वशुल्क द्यावे लागते. पेरू आणि दक्षिण आफ्रिकेने त्या झपाट्याने लावल्या. आपल्याकडे उशीर झाला. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने आरा जातींचा परवाना आणून ती वाट उघडली. जिथे तिथे थॉमसनच असेल, तर खरेदीदाराला कोणाचाही माल चालतो आणि जो स्वस्त देईल त्याचा तो घेतो. म्हणून जातींमधली विविधता आता निकडीची आहे, आणि राष्ट्रीय केंद्राने आपल्याच मालकीच्या नव्या जाती द्याव्यात, ही बागायतदारांची अपेक्षा पूर्णपणे योग्य आहे.

शेवटी, तुमच्या प्रश्नामागे दडलेली एक शंका न विचारताही ऐकू येते. चांगली द्राक्षे तिकडे आणि उरलेली आपल्याला, असे होते का? चवीच्या बाबतीत तसे होत नाही. निर्यातीचा घड आकाराने, रंगाने एकसारखा निवडलेला असतो आणि प्रवास सोसावा म्हणून साखर फार चढण्याआधी तोडलेला असतो. युरोपच्या जिभेला थोडा आंबटपणा चालतो. आपल्याला गोड लागते, म्हणून इथल्या बाजारासाठी घड वेलीवर जास्त दिवस ठेवतात. हातगाडीवरचे पिवळसर झाक आलेले द्राक्ष दिसायला डावे असेल, खायला बहुधा उजवे असते.

तपासणीच्या बाबतीत मात्र ही शंका खरी आहे. कीडनाशकांच्या अवशेषांची मर्यादा आपल्या देशातही कायद्याने ठरलेली आहे. परंतु रॉटरडॅमला जाणाऱ्या घडाचा नमुना तोडणीआधी बागेतून घेतला जातो, तसा नमुना आपल्या मंडईत येणाऱ्या घडाचा घेतला जात नाही, तसे बंधनच नाही. बागा नोंदवण्याची व्यवस्था तयार आहे, प्रयोगशाळा तयार आहेत, आणि शिस्त अंगी बाणवलेले हजारो बागायतदारही आहेत. तीच तपासणी टप्प्याटप्प्याने देशातल्या बाजारालाही लावावी, तिचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये, आणि तपासलेल्या मालाला चार पैसे जास्त मोजायची तयारी आपण ग्राहकांनी ठेवावी. फेब्रुवारीत द्राक्षे घ्याल तेव्हा विक्रेत्याला एवढे जरूर विचारा : माल कोणत्या गावचा, आणि त्याची तपासणी झाली आहे का?